फिश टँकचा हीटर आणि थर्मोस्टॅट: घरी बनवताना होणारी गल्लत

नाशिक-नागपूरकडे थंडी पडली की फिश टँकवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो: 'किती वॉटचा हीटर लावला की पाणी 26 अंशांवर राहील?' गल्लत या प्रश्नातच आहे. वॉटवरून पाणी किती वेगाने तापेल ते कळतं. 26 वर थांबवणं हे थर्मोस्टॅटचं काम. विकतच्या काचेच्या नळीत बहुधा दोन्ही एकत्रच असतात, त्यामुळे फरक जाणवत नाही. घरी बनवायला बसलं की जाणवतो. (गोल्डफिशच पाळले असतील तर यातलं काहीच करू नका, ते थंड पाण्याचे मासे आहेत.)

आधी हीटर. 60 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 250 किलोज्यूल उष्णता लागते. 100 वॉटचा हीटर ती साधारण 42 मिनिटांत देतो, आंघोळीच्या बादलीतला 1000 वॉटचा रॉड चार मिनिटांत. 'पाच मिनिटं रॉड टाकतो आणि काढतो' म्हणणारे बरेच भेटतात. फोन आला, तासभर विसरलात, की 22 अंशांचं पाणी पस्तिशीला पोचलंच. शिवाय त्या पाण्यात हात घालायचा असतो, आणि रॉड 230 व्होल्टवर चालतो. हा प्रकार करूच नका.

घरी करायचंच तर 12 व्होल्टवर करा. 12 ओहमचे, 25 वॉट क्षमतेचे चार सिमेंट रेझिस्टर (करंट गेला की तापणारे छोटे भाग) समांतर जोडले की प्रत्येकी 12, म्हणजे एकूण 48 वॉट मिळतात आणि करंट 4 अँपिअर. रेझिस्टर निम्म्या भारावर चालतात, म्हणून टिकतात. ते जाड काचेच्या नळीत ठेवून भोवती कोरडी बारीक वाळू भरा. मोकळ्या हवेपेक्षा वाळूतून उष्णता काचेपर्यंत बरी पोचते. नळीचं तोंड सिलिकॉनने बंद करून पाण्याच्या वर ठेवा. ॲडॉप्टर 6 अँपिअरचा, टाकीपासून लांब. पाणी बदलताना आधी स्विच बंद. उघडी पडलेली तापलेली नळी थंड पाण्याने तडकते.

आता थर्मोस्टॅट. डब्ल्यू 1209 नावाचं 12 व्होल्टचं छोटं मॉड्यूल सेन्सरच्या वायरसकट मिळतं. पाणी ठरलेल्या आकड्याखाली गेलं की त्याचा रिले (विजेवर उघडझाप होणारा स्विच) हीटर चालू करतो. त्यात 'एच' आणि 'सी' असे दोन मोड असतात. 'सी' हा थंड करणाऱ्या यंत्रासाठी. चुकून तो राहिला तर गार पाण्यात हीटर बंद आणि गरम पाण्यात चालू, असा उलटा कारभार होतो. सेन्सर नळीला चिकटवू नका, टाकीच्या दुसऱ्या बाजूला पाण्यात पक्का बांधा. तो निसटून बाहेर लोंबकळला तर खोलीतली गार हवा मोजत बसेल, आणि इकडे हीटर अखंड चालू राहील.

माझं मत विचाराल तर घरगुती जोडणीत जास्त धास्ती थर्मोस्टॅटची बाळगावी. हीटर जळला तर पाणी हळूहळू गार होतं, सावरायला वेळ मिळतो. रिलेचे संपर्क मात्र चिकटले की हीटर बंदच होत नाही. म्हणून वॉट मुद्दाम कमी ठेवायचे. 40 लिटरच्या टाकीत 48 वॉट अडकून चालू राहिले तरी पाणी तासाला जेमतेम 1 अंश चढतं, आणि तापत जाईल तसा हा वेग आणखी मंदावतो. खोलीच फार गार असेल तर वॉट वाढवण्याआधी टाकीवर झाकण आणि मागे थर्माकोलची शीट लावून बघा.

मॉड्यूलवरच्या आकड्याखेरीज टाकीत एक साधा काचेचा थर्मामीटरही हवा. ॲडॉप्टरचा प्लग 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) सॉकेटमध्येच लावा. नुसता एमसीबी, म्हणजे जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच, शॉकपासून वाचवत नाही. आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल.