२१४७४८३६४७ (मूळ संख्या)

दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केल्यावर (२^३१ − १) मिळणारी दहा अंकी मूळ संख्या. वाचायची झाली तर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. दोनाच्या घातापेक्षा एकाने लहान असलेल्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांचे नाव मिळाले आहे. त्या मालिकेत हिचा क्रमांक आठवा. घातांक ३१ हाही मेर्सेन मूळ संख्याच (२^५ − १) असल्याने हिला ‘दुहेरी मेर्सेन’ म्हणतात. अशा मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत : ७, १२७, ही आणि २^१२७ − १.

ती मूळ असावी हा अंदाज जुना. इटलीचे गणिती कातालदी यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या चारही घातांकांपासून मूळ संख्या मिळतात असे म्हटले होते. खरा ठरला तो एकटा ३१. मेर्सेन यांच्या १६४४ च्या यादीतही ३१ आहे, पण त्याच यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांकही आहेत. सिद्धता दिली ती स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना; १७७२ मध्ये डॅनियल बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रातून ती जाहीर झाली.

सरळ मार्गाने जायचे तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते. अशा संख्या चार हजारांहून अधिक. ऑयलर यांनी आधी विभाजकालाच बांधून घेतले. एखादी मूळ संख्या या संख्येला भागत असेल, तर तिला ६२ ने भागल्यावर १ उरला पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८क + १ किंवा २४८क + ६३ (क पूर्णांक) याच रूपाचा असू शकतो. असे उमेदवार पावणेचारशेच्या आतच भरतात, आणि त्यांतलेही पुष्कळ संयुक्त म्हणून गळतात. उरलेल्यांपैकी एकानेही भाग जात नाही.

पुढे कित्येक दशके ही माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. तिला २^३० ने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या) मिळते. हिच्यापुढची परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण त्यात कुतूहलापलीकडे उपयोग नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. दोन्ही बाबतींत ते चुकले.

उपयोग निघाला संगणकात. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने एकतीस एक. त्यामुळे ३२ बिटांच्या (द्विमान अंकांच्या) चिन्हयुक्त पूर्णांकाची, ज्यात एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातो, ती कमाल मर्यादा ठरते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या आकड्यावर पोहोचतील आणि पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवू लागतील. इथे मात्र तिचे मूळ असणे निव्वळ योगायोग आहे. यादृच्छिक संख्या तयार करण्याच्या एका जुन्या, सोप्या रीतीत तसे नाही : हाती असलेल्या संख्येला दर वेळी १६,८०७ ने (७ च्या पाचव्या घाताने) गुणून २१४७४८३६४७ ने भागायचे आणि बाकी घ्यायची. भाजक मूळ आहे आणि गुणकही नेमका निवडलेला आहे, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही.