मोहाचं फूल खाल्लं की झिंग चढते?

नाही. ताज्या मोहफुलात दारूचा थेंबही नसतो, असते ती साखर. वाळलेल्या फुलाच्या वजनात तर साधारण निम्मी साखरच भरते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. गडचिरोली-गोंदियाकडे घरंच्या घरं टोपल्या घेऊन तो वेचायला जातात. वेचता वेचता पोरं चार फुलं तोंडात टाकतात, आणि कुणी झिंगत नाही. पोट बिघडेल फार तर!

दारू होते ती नंतर. वाळवलेली फुलं पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की यीस्ट त्यातली साखर खाऊन मद्यार्क तयार करतं. मग ते आंबवण उकळून वाफ थंड केली की हाती येते ती मोहाची दारू. म्हणजे नशा फुलात नसते, आंबण्यात असते. द्राक्ष खाऊन कुणी तर्र होतं का?

मग मोहाची फुलं खाऊन हत्ती झिंगल्याची ती गोष्ट? २०२२ मध्ये ओडिशातल्या केओंझरला २४ हत्ती जंगलात गाढ झोपलेले सापडले. पण गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी प्यायलं होतं ते मडक्यांत आंबत ठेवलेलं मोहाचं पाणी. झाडाखालची फुलं नव्हेत. वनखात्याला तर तेही पटलं नव्हतं; हत्ती नुसतेच विसावले असतील, असं त्यांचं म्हणणं.

भाकरी, लाडू, भाजी, सगळ्यांत हे फूल चालतं. बदनामी मात्र एकट्या बाटलीमुळे.