गाडी बंद, मग डॅशकॅम चालू?

"डॅशकॅम बसवला की पार्किंगमधल्या गाडीवर चोवीस तास पहारा" हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत असतो. प्रत्यक्षात पुढच्या काचेमागून रस्ता टिपणारे असे अनेक कॅमेरे गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतात आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद केलं की तो सॉकेटही बंद होतो. कॅमेऱ्यातली चिमुकली बॅटरी मुख्यतः शेवटची फाइल जतन करण्यापुरतीच असते. पहाऱ्यासाठी कॅमेऱ्यात पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही हालचाल किंवा धक्का टिपण्याची सोय हवी आणि फ्यूजबॉक्समधून वेगळी वायर. तीही गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की पुरवठा तोडणारी, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. पेठेतल्या गल्लीत रात्रभर गाडी लावत असाल तर आजच तपासा: गाडी लॉक करा, दहा मिनिटांनी समोरून चालत जा, बॉनेटवर हलकी थाप मारा आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर त्या वेळेची फाइल शोधा.