लोंबत्या दिव्याचे दोन रंग

नागपुरात बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडच्या नव्या इमारतींमध्ये सदनिका पाहायला गेले, की स्वयंपाकघरे बहुधा एकाच साच्यातली दिसतात. कपाटे राखाडी, भिंती पांढरट, टाइल्स फिकट आणि ओटा काळ्या ग्रेनाइटचा. या फिकेपणावर उतारा म्हणून नाश्त्याच्या काउंटरवर दोन-तीन रंगीत हँगिंग लाइट टांगण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ते घ्यायला सीताबर्डीवर गेलेल्या माणसाला दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, "भिंत न्यूट्रल आहे नं, मग कोणताही रंग चालते." कपड्यांच्या किंवा पडद्यांच्या बाबतीत हे म्हणणे खरे असेलही, पण दिवा स्वतः प्रकाश टाकतो, आणि प्रकाश टाकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत न्यूट्रल भिंतीइतकी असहाय भिंत दुसरी नसते.

रंगीत दिव्याला दोन रंग असतात, एवढे सुरुवातीलाच ध्यानात घेतले तर पुढची निवड बरीच सोपी होते. एक रंग शेडचा, जो आपण शेडकडे पाहताना दिसतो. दुसरा रंग त्या शेडमधून किंवा शेडखालून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा, जो ओट्यावर, भिंतीवर आणि चिरायला घेतलेल्या भाजीवर पडतो. निळ्या रंगाने रंगवलेली, आतून पांढरी असलेली पत्र्याची शेड आणि निळ्या काचेची शेड दुकानात शेजारीशेजारी टांगलेल्या असतात आणि दिवे बंद असताना सारख्याच निळ्या दिसतात. दिवे लावले की मात्र पहिली खाली पांढरा प्रकाश टाकते आणि दुसरी निळा.

काच प्रकाशाला रंग देते असे आपण म्हणतो खरे, पण ती काहीच देत नाही. ती काढून घेते. शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशियमची जांभळट ज्योत निळ्या काचेतून पाहायला सांगतात, ते याचसाठी. त्या काचेतील कोबाल्ट ज्योतीत भेसळ म्हणून आलेल्या सोडियमचा 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश शोषून घेतो आणि त्या पिवळ्याखाली दडलेला पोटॅशियमचा फिका रंग दिसू लागतो. दिव्याच्या रंगीत काचेतही हेच घडते. तेव्हा काचेतून काय बाहेर येईल हे एकट्या काचेवर ठरत नाही. बल्बच्या प्रकाशात मुळात काय होते आणि त्यातले काचेने काय गिळले, या दोहोंचा तो गुणाकार असतो.

आजच्या पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशाची घडण विचित्र असते. आत निळा प्रकाश देणारी चिप असते, साधारण 450 नॅनोमीटरची. ती शक्य करणारे संशोधन केल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. तो काही निळा प्रकाश शोषून त्याऐवजी हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला प्रकाश देतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या 6500 केल्विनच्या 'कूल डे लाइट' बल्बमध्ये निळ्याचा सुळका उंच असतो आणि गडद तांबड्याचा भाग तोकडा. त्यावर लाल काच चढवली, की काच निळा-हिरवा भाग गिळते आणि जो तांबडा सोडायचा तो मुळातच थोडा असतो. परिणामी दुकानात माणकासारखी वाटलेली शेड घरी मरगळलेली, विटकरी दिसते. तीच शेड 2700 केल्विनच्या 'वॉर्म व्हाइट' बल्बवर खुलते. जुन्या तारेच्या बल्बवर ती आणखीच खुलत असे, कारण त्याच्या प्रकाशात तांबडा भरपूर होता.

निळ्या काचेची अडचण वेगळी आहे. तिला हवा तो निळा एलईडीत मुबलक असतो, पण आपला डोळा त्याला फारसा जुमानत नाही. डोळ्याची संवेदनशीलता 555 नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सर्वाधिक असते. तिथे 1 वॉट प्रकाशशक्ती म्हणजे 683 लुमेन (लुमेन हे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप). तोच 1 वॉट 450 नॅनोमीटरला जेमतेम 26 लुमेन भरतो. त्यामुळे 9 वॉटच्या बल्बचे 800-900 लुमेन गडद निळ्या काचेतून बाहेर येईपर्यंत इतके आटतात, की त्या उजेडात तांदूळ निवडणे अशक्य व्हावे.

आता भिंतीकडे वळू. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. दिव्यातून निघालेला प्रकाश भिंतीवर एकदा आपटून थेट डोळ्यात शिरतो, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर, छतावरून पुन्हा भिंतीवर असा कित्येकदा फिरतो आणि प्रत्येक आघातात थोडा शोषला जातो. भिंत पडलेल्या प्रकाशाचा 0.8 भाग परत पाठवत असेल, तर पहिल्या आघातानंतर 0.8, दुसऱ्यानंतर 0.64, तिसऱ्यानंतर 0.512 असा तो उरत जातो. सगळीकडून बंद आणि सगळीकडे सारख्याच रंगाच्या खोलीत या सर्व फेऱ्यांची बेरीज करायची, तर ती भूमितीय श्रेढी होते आणि तिची बेरीज 1 भागिले (1 उणे 0.8), म्हणजे 5 येते. दिव्याने एकदा टाकलेला प्रकाश भिंतींवर एकूण पाचपट होऊन पडतो. ही जादू नव्हे; तोच प्रकाश पुन्हा पुन्हा मोजला जातो, इतकेच.

आता भिंत किंचित बेज आहे असे समजा: तांबड्याचा 0.8 भाग परत पाठवते आणि निळ्याचा 0.6. रंगाच्या दुकानातील कार्डावर हा फरक चारास तीन इतकाच, म्हणजे 'ऑफ व्हाइट' म्हणून खपून जाण्याजोगा असतो. खोलीत मात्र तांबडा पाचपट साचतो आणि निळा अडीचपट. दिव्याने दोन्ही सारखेच टाकले असले तरी भिंतींवर पडणाऱ्या प्रकाशात त्यांचे प्रमाण दोनास एक होऊन बसते. कार्डावरचा रंग भिंतीवर लावल्यावर नेहमी गडद वाटतो, अशी तक्रार करणारे लोक चुकत नाहीत. त्यामागे हे गणित आहे. खऱ्याखुऱ्या स्वयंपाकघरात खिडकी, दार आणि काळे ग्रेनाइट प्रकाश गिळत असल्यामुळे हा परिणाम सौम्य होतो, पण नाहीसा होत नाही.

मग अगदी शुद्ध राखाडी किंवा पांढऱ्या भिंतीचे काय? ती सर्व तरंगलांबींना सारखीच वागणूक देते, म्हणून कितीही फेऱ्या झाल्या तरी रंगांचे आपसातले प्रमाण बदलत नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की दिव्याने जो रंग ओतला तो जसाच्या तसा खोलीभर फिरत राहतो. हिरवट भिंतीने लाल प्रकाशाला निदान काही विरोध केला असता; न्यूट्रल भिंत तो पुसतही नाही आणि अडवतही नाही. दुकानातल्या त्या वाक्याची गोम इथे आहे.

हेच गणित शेडच्या आतही चालते, कारण खोल शेड म्हणजे एक छोटी खोलीच असते. बाहेरून काळी आणि आतून तांब्याच्या किंवा सोनेरी मुलाम्याची शेड सध्या फार लोकप्रिय आहे. तिच्या आतल्या पृष्ठभागावर प्रकाश दोन-तीनदा आपटतो आणि प्रत्येक वेळी थोडा निळा गमावतो, म्हणून बल्ब पांढरा असूनही ओट्यावर नारिंगी डाग पडतो. संध्याकाळी खिडकीतून अजून उजेड येत असताना अशा दिव्याखाली हात धरून पाहावा. ओट्यावर पडलेली हाताची सावली निळसर दिसते. त्या सावलीत दिव्याचा नारिंगी प्रकाश पोहोचत नाही आणि तिथे उरतो तो खिडकीचा प्रकाश, जो आजूबाजूच्या नारिंगीच्या तुलनेत डोळ्याला निळा भासतो.

डोळा रंगीत उजेडाला सरावतो, हे खरे आहे. पण सराव झाला तरी जी माहिती प्रकाशातच नाही ती मेंदू भरून काढू शकत नाही. आंबिया बहाराचे संत्रे आतून पिकलेले असूनही सालीवर हिरवे राहू शकते. लाल काचेखाली तो हिरवा भाग नुसता काळपट दिसतो, आणि तिथे डाग आहे की हिरवेपणा हे कळत नाही. तिखट आणि मीठ यांच्यातला फरकही त्या उजेडात पुसट होतो. सावजी रश्शावरची तर्री जशी दिसायला हवी तशी दिसण्यासाठी नुसता पांढरा बल्बही पुरत नाही. खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, हा आठ फिकट रंगांवरच्या कामगिरीची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत नसतो. त्याचा आकडा वेगळा, त्याला आर 9 म्हणतात. सीआरआय 80 असलेल्या बल्बचा आर 9 शून्याच्या आसपासही असू शकतो. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो आणि दुसरा बहुधा नसतोच.

या खरेदीत आणखी एक मंडळी हजर असतात. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, अग्नीचा रंग लाल, म्हणून शेगडीवर लाल दिवा लावा म्हणजे घरात बरकत येईल, असा सल्ला पैसे घेऊन दिला जातो. गॅसची ज्योत कोणत्याही दिशेला निळीच जळते आणि लाल दिव्याखाली करपलेली पोळी उशिरा लक्षात येते, यापलीकडे त्या दिव्याचा स्वयंपाकाशी संबंध नाही.

तेव्हा रंगाची हौस भागवायची असेल तर ती शेडच्या बाहेरच्या बाजूवर मनसोक्त भागवावी: मोरपंखी, हळदी, जांभळा, जो आवडेल तो, आतली बाजू मात्र पांढरी आणि शक्यतो बिनचमकीची असावी. काचेचाच मोह असेल तर तो दिवा जेवणाच्या टेबलावर किंवा कोपऱ्यात टांगावा आणि ओट्यासाठी कपाटाखाली पांढऱ्या एलईडीची पट्टी वेगळ्या बटणावर घ्यावी. दुकानात शेड पाहताना आपण घरी लावणार तोच बल्ब त्यात लावून घ्यावा, खाली कोरा कागद धरावा आणि शेडकडे न पाहता कागदाकडे पाहावे.

उंचीचा नियम सोपा आहे. शेडची खालची कड ओट्यापासून 75 ते 90 सेंटीमीटर वर असली म्हणजे डोळ्यावर बल्ब येत नाही. लहान दिवा 90 वरून 60 वर आणला तर ओट्यावरचा उजेड सव्वादोनपट होतो, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याशी शेड लोंबकळू लागते.

बंद काचेच्या गोळ्यांबाबत नागपूरकराने थोडे अधिक सावध असावे. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांपलीकडे असताना गोळ्याच्या आत अडकलेली हवा त्याहून बरीच तापते, आणि एलईडीच्या विद्युतमंडलातील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. खालून उघडी, वर हवेला वाट असलेली शेड अधिक टिकते, पण तिच्या आत फोडणीची वाफ शिरते. तिचा पिवळट तेलकट थर हाही एक गाळकच असतो आणि तो नेमका निळा भाग खातो. म्हणून आतून पांढरी शेड घेतली असेल तर ती महिन्या-दोन महिन्यांनी, दिवा बंद करून आणि गार होऊ देऊन, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी लागते.