रेन गार्डन की बॉग गार्डन? आधी पाणी किती वेळ थांबतं ते पाहा

दोन्हींसाठी जमीन खणावी लागते आणि दोन्हींत ओल आवडणारी झाडं दिसतात, म्हणून घोटाळा होतो. काम मात्र उलट आहे. रेन गार्डन म्हणजे झाडं लावलेला उथळ खळगा, तो पाणी जिरवतो; बॉग गार्डन म्हणजे दलदलीसारखा वाफा, तो ओल धरून ठेवतो. त्यामुळे बागेत जिथे आपोआप डबकं साचतं, ती जागा रेन गार्डनला बहुतेक वेळा चुकीचीच ठरते. तिथली माती पाणी पीत नाही, म्हणून तर डबकं होतं!

आधी माती तपासा. 30 सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा. हे दुसरं पाणी 24 तासांत जिरलं तर रेन गार्डन जमेल. पहिल्या पाण्यावर भरवसा ठेवू नका, कोरडी माती सुरुवातीला भराभर पाणी ओढते.

छपराचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायचं, ही रेन गार्डनची मूळ कल्पना. 1990 च्या सुमारास ती अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पुढे आली. आकार छपराच्या क्षेत्रफळाच्या 10 ते 20 टक्के ठेवा. 50 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 1,250 लिटर पाणी येतं. 8 चौरस मीटरचा, 15 सेंटिमीटर खोल खळगा त्यातलं 1,200 लिटर सामावतो, आणि भरता भरता थोडं जिरतंही. घराच्या पायापासून निदान 3 मीटर लांब राहा. तळ सपाट हवा, नाहीतर सगळं पाणी एकाच कोपऱ्यात जातं. उताराच्या बाजूला मातीचा बांध घाला, जादा पाण्याला वाट ठेवा आणि पाणी पडतं तिथे दगड मांडा. खणताना तळ तुडवू नका. दाबलेली माती पाणी घेत नाही, आणि ही चूक नंतर सुधारणं फार जड जातं. पाणी दोन दिवसांत गेलं की डासांची भीती नाही, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो.

इथे झाडं दोन दिवस पाण्यात आणि मग कित्येक दिवस कोरडी राहतात. वाळा हे दोन्ही सोसतो. अळू लावलं तर उन्हाळ्यात माना टाकतं.

अळूची जागा बॉग गार्डनमध्ये. तिथे 45 ते 60 सेंटिमीटर खणून बागेतल्या तळ्यासाठी वापरतात ते प्लास्टिक अंथरतात आणि त्याला साधारण मीटरभर अंतराने भोकं पाडतात. भोकं विसरलात तर पाणी कुजतं आणि मुळंही. वर खडीचा थर, मग माती. कोरड्या दिवसांत पाणी द्यावंच लागतं. कीटकभक्षी झाडं लावणार असाल तर पावसाचंच पाणी वापरा आणि खत अजिबात घालू नका. ही झाडं निकस मातीतली. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ती हळूहळू मरतात.