लाखोळी, लकवा आणि एक तोतया

भंडारा जिल्ह्यात मावशीकडे गेलो होतो. ताटात लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पडले आणि मावसभावाने मोबाईल पुढे केला : ‘लाखोळी खाल्ली की लकवा!’ मावशी कढईपाशी बसूनच म्हणाली, “इतके साल खाल्ली आमी, कोनाचा पाय गेला?”

दोघंही अर्धे बरोबर. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नुसती फेकली तरी लाखोळी उगवते, दुष्काळातही तगते. मग घरात दुसरं काही उरत नाही आणि महिनोन्‌महिने तीच पोटात जाते. अशा वेळी धडधाकट माणसांचे पाय आखडतात, ते पुन्हा नीट होत नाहीत. हा लॅथिरिझम. गावाने त्याला करणी म्हणावं आणि मांत्रिकाने कोंबडं खावं, हे तर ठरलेलंच! 1961 मध्ये विक्रीबंदीचा नियम आला आणि 1964 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अदिगा आणि सर्मा यांनी दोषी रेणू शोधला : ओडॅप.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. ओडॅपही अमिनो आम्लच, पण प्रथिनांत न बसणारं. ते सोंग घेतं ग्लुटामेटचं. ग्लुटामेट हे आपल्या शरीरात तयार होणारं अमिनो आम्ल मेंदूतला मुख्य उत्तेजक निरोप्या आहे. एक चेतापेशी ते सोडते, पुढच्या पेशीच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या दारावर, ते बसतं, दार उघडतं, सोडियम आत येतो आणि निरोप पुढे जातो. लगेच शेजारच्या तारापेशी (चेतापेशींच्या मदतनीस पेशी) ग्लुटामेट उचलून नेतात, त्याचं ग्लुटामिन करून परत देतात. बांधीत पाणी घेतलं की बांध लगेच बुजवावा, तसं. ओडॅप ‘ॲम्पा’ नावाच्या ग्राहीवर बसून हा बांध पुन्हा पुन्हा फोडतं. सोडियमपाठोपाठ कॅल्शियम घुसतो, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची वीजघरं, कोलमडतात, पेशी उत्तेजनानेच मरते. पायांना हुकूम देणाऱ्या लांब चेतापेशींना याचा फटका जास्त बसतो.

मग मावशीचे पाय शाबूत कसे? तिच्या ताटात भात असतो. डाळीत कमी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्लं, मेथिओनिन आणि सिस्टीन, धान्यातून मिळतात. पेशीचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारं ग्लुटाथिओन सिस्टीनपासूनच बनतं. आता ‘रतन’, ‘प्रतीक’ अशी कमी ओडॅपची वाणंही आहेत. कमी म्हणजे शून्य नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

ओडॅप पाण्यात विरघळतं. मावशी डाळ रात्रभर भिजवते आणि ते पाणी सांडून देते. का, विचारलं तर म्हणाली, “फेस येते म्हून.”