घड की बाळी?

फेब्रुवारीत आपण जी द्राक्षं खातो, त्यांचा घड वेलीवर दिसू लागतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ठरलेला मात्र तो आदल्या मे-जूनमध्येच असतो. त्या वेळी काडी हिरवी, कोवळी असते. पानाच्या बेचक्यात ज्वारीच्या दाण्याएवढा डोळा धरलेला असतो आणि त्या डोळ्याच्या आत, नुसत्या नजरेला न दिसणारा, पुढच्या हंगामाचा घड.

द्राक्षवेल मुळात थंड मुलखातली. युरोपात ती हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. निफाड, दिंडोरी किंवा तासगावात तिला झोप येईल एवढी थंडी पडत नाही. म्हणून आपल्याकडे हे काम कात्री करते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यानंतर काड्या वाढतात आणि डोळ्यांत घड तयार होतात. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की ते डोळे फुटतात. फुटायला उशीर नको म्हणून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. या रसायनाने डोळ्याच्या श्वसनात गडबड होते आणि तो दचकून उठतो. थंडीचं काम झटक्यावर भागवलेलं आहे, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मामाबरोबर काडी तपासायला गेलो होतो. फळछाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची हे ठरवायला बागायतदार काड्यांची जुडी घेऊन प्रयोगशाळेत जातात. तिथल्या मुलाने ब्लेडने डोळ्याची खपली काढली, आतली कापसासारखी लव बाजूला केली आणि डोळा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. “हा बघा घड.” इवल्याशा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे उंचवटे दिसले. पुढच्या डोळ्यात तसाच एक कोंब होता, पण त्याला नुसते दोन फाटे. “ही बाळी.”

बाळी म्हणजे वेल ज्याने तारेला विळखा घालते तो दोरा. पाठ्यपुस्तकात तिला प्रतान किंवा तणावा म्हणतात, बागेत कुणी म्हणत नाही. घड आणि बाळी यांची सुरुवात एकाच गाठीपासून होते. डोळ्यात पानाच्या समोरच्या बाजूला पेशींची एक गाठ उठते आणि तिला दोन फाटे फुटतात. ते पुढे फुटतच राहिले तर घड, तिथेच थांबले तर बाळी. कोवळ्या गाठीकडे बघून तिचं काय होणार हे सांगता येत नाही, कारण तिचंच अजून ठरलेलं नसतं.

हा निकाल कोण लावतं? १९७८ साली ऑस्ट्रेलियात श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी कोवळ्या बाळ्या वेलीपासून वेगळ्या केल्या, काचपात्रात वाढवल्या आणि त्यांना सायटोकायनिन हे संप्रेरक दिलं. बाळ्यांचे फुलोरे झाले. जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक याच्या उलट वागतं. सुरुवातीला गाठ उठवायला तेच मदत करतं, पण नंतरही ते जोरात राहिलं तर गाठीला बाळीच्या वाटेला लावतं. जिबरेलिनचा एरवीचा धंदा म्हणजे पेरं लांबवणं, काडी पळवणं. थोडक्यात, काडी पळत असली की बाळ्या, काडी थांबली की घड.

याचा सगळ्यात देखणा पुरावा शॅम्पेनसाठी लावल्या जाणाऱ्या पिनो मनिये या जातीने दिला. या वेलीच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत जिबरेलिनचा हुकूम न मानणारं एक जनुक आहे. २००२ मध्ये बॉस आणि थॉमस यांनी नुसत्या त्याच थरातून अख्खी वेल वाढवली. ती बुटकी निघाली आणि जिथे बाळ्या यायच्या तिथे तिला घड लागले. हरित क्रांतीतल्या बुटक्या गव्हाचं जनुक याच भावकीतलं आहे.

मग वेलीला थांबवायचं कसं? मामाचा पहिला उपाय म्हणजे पाणी कमी करणं, त्याच्या भाषेत ‘ताण देणं’. शेंडा वाढतो तो पेशी पाण्याने फुगून ताणल्या गेल्यामुळे. पाणी जरा कमी पडलं की पहिली झळ या फुगण्याला बसते. शिवाय कोरड्या पडत चाललेल्या मुळांकडून ॲब्सिसिक आम्ल नावाचा निरोप वर येतो आणि पानांची छिद्रं आवळली जाऊ लागतात. गंमत अशी, की शेंडा मंदावला तरी पानांचा स्वयंपाक बराच काळ चालू असतो. साखर तयार होतेय आणि शेंडा ती उडवत नाही, म्हणून ती काडीत आणि डोळ्यांत साठते. हे बागेत उभ्या उभ्या ओळखता येतं. भरपूर पाणी मिळालेल्या काडीच्या वरच्या बाळ्या शेंड्याच्याही पुढे झेपावलेल्या असतात. ताण बसला की त्या मरगळतात, वाढला तर सुकून गळतात. त्याच्याही पुढे गेलं तर पानं करपतात आणि मग साठवायला काही उरत नाही. मामा रोज सकाळी ड्रिपच्या वॉल्व्हकडे जाण्याआधी शेंडे बघतो.

दुसरा उपाय सबकेन, म्हणजे काडी खुडून तिच्यावर दुसरी काडी घेणं. काडी सात-आठ पानांची झाली की शेंडा मारायचा. शेंड्याचा खालच्या डोळ्यांवरचा धाक सुटतो, वरून बगलफूट निघते, तिलाही पुढे खुडायचं. जोड बसतो तिथल्या गाठीजवळचे डोळे चांगले घड देतात. तिसरा उपाय बाटलीतला. क्लोरमेक्वाट हे रसायन वेलीत जिबरेलिन तयारच होऊ देत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचे अवशेष सापडले, माल अडकला आणि कित्येक निर्यातदार गोत्यात आले. पाण्याचा ताण निदान मण्यात उतरत नाही.

उजेडावर मात्र कुणाची कात्री चालत नाही. १९६९ च्या सुमारास बट्रोज यांनी ऑस्ट्रेलियात वेली बंद कक्षांत वाढवून पाहिल्या. उजेड आणि ऊब वाढली तसे डोळ्यांतले घड वाढले, गारव्यात मस्कत जातीच्या वेलीला घड धरवेनात. आपल्याकडे मे महिना कडक जातो ते वेलीच्या पथ्यावर पडतं. पण घड ठरण्याच्या ऐन दिवसांत पावसाळी ढग लवकर आले, की पानं दाटतात, सावलीतले डोळे उपाशी राहतात आणि नेमकं तेव्हाच पाणी फुकट मिळाल्याने शेंडा पळत सुटतो.

बरं, मे-जूनमध्ये ठरलेलं पक्कं असतं असंही नाही. छाटणीनंतर डोळा फुटताना घड पुन्हा बाळीवर जाऊ शकतो. बागायतदार त्याला घड जिरणे म्हणतात. आम्ही काडी तपासून आलो, अहवाल चांगला होता, आणि छाटणीनंतर आठ दिवस पाऊस लागून राहिला. सायटोकायनिन मुख्यत्वे मुळांच्या टोकाशी बनतं. चिखलात गुदमरलेल्या मुळांनी ते पाठवलं नाही आणि फुटी मात्र हिरव्यागार, लुसलुशीत निघाल्या. जवळपास निम्मे घड जिरले.

दिवाळीनंतर बागेतून हिंडताना मामाने एक बाळी खुडून माझ्या हातावर ठेवली. एक फाटा तारेला वेढा घालायला वळलेला, दुसऱ्याच्या टोकाला मोहरीएवढे तीन मणी.

“हिचं ठरलंच नाही बघ,” तो म्हणाला, आणि पुढच्या वेलीकडे गेला.